एका सेमिस्टरसाठी परदेशी विद्यापीठात जाताना: तयारी मागून पुढे करा

प्रश्न असा आहे: एक्सचेंजखाली एका सेमिस्टरसाठी परदेशी विद्यापीठात निवड झाली आहे, निघायला साधारण पाच महिने आहेत. यादी करायला बसलं की कपडे, अडॅप्टर, औषधं एवढंच सुचतं. विषय कसे निवडायचे, तिथले मार्क इथे धरले जातील का, राहायची सोय कधी करायची आणि परतल्यावर वर्ष वाया जाणार नाही याची खात्री कशी करायची?

मी विद्यापीठाच्या एक्सचेंज विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. विद्यार्थी पाठवलेही आहेत आणि बाहेरून आलेले सांभाळलेही आहेत. सर्वात आधी एक सांगतो. पूर्ण पदवीसाठी परदेशी जाणाऱ्यांसाठी लिहिलेले सल्ले तुम्ही डोळे मिटून उचलू नका. त्यांच्याकडे दोन-तीन वर्षं असतात. पहिलं सेमिस्टर चाचपडण्यात गेलं तरी त्यांना ते पुढे भरून काढता येतं. तुमच्याकडे शिकवण्याचे जेमतेम चौदा-पंधरा आठवडे आहेत, आणि बहुतेक वेळा फेरपरीक्षेला थांबायची मुभाही नाही. त्यांनी तिथे पोहोचल्यावर पहिल्या तीन महिन्यांत जे केलं तरी चालतं, ते तुम्हाला विमानात बसण्याआधीच उरकायला हवं. म्हणून तयारी मागून पुढे करायची. परतल्यावर तुमच्या गुणपत्रिकेत नक्की कुठल्या रकान्यात काय लिहिलं जाणार हे आधी ठरवायचं, मग त्यावरून विषय, विषयांवरून तारखा, आणि तारखांवरून व्हिसा, खोली, तिकीट. बॅग सगळ्यात शेवटी.

क्रेडिटपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होतं. युरोपातल्या पद्धतीत वर्षाला ६० आणि सेमिस्टरला ३० क्रेडिट धरतात. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो, त्यात वर्गातले तास, वाचन, निबंध, परीक्षेची तयारी सगळं आलं. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट असतात, म्हणजे तिथले दोन म्हणजे युरोपातला एक. अमेरिकेत सेमिस्टरला १५ क्रेडिट हा सर्वसाधारण भार आणि पदवीच्या विद्यार्थ्याने पूर्णवेळ ठरण्यासाठी किमान १२. ढोबळ हिशेबाने अमेरिकेतला एक क्रेडिट युरोपातल्या दोनच्या बरोबरीचा धरतात. पण हा हिशेब तुम्ही करून उपयोग नाही, तुमच्या विद्यापीठाने करायला हवा, आणि तोही लेखी. ‘तिथे पाच विषय घेतले, इथेही पाचच असतात’ असं म्हणत गेलेले विद्यार्थी परत येतात तेव्हा कळतं की तिथले पाच विषय मिळून २२ क्रेडिटच भरले.

विषयांची जुळणी नावावरून करू नका. समजा तुमच्या अभ्यासक्रमात ‘संख्याशास्त्र’ हा विषय आहे आणि त्यात नमुना चाचण्या, सहसंबंध, समाश्रयण येतं. तिकडच्या यादीत ‘संख्याशास्त्र २’ दिसतो आणि तुम्ही हुरळून त्यावर खूण करता. अभ्यासक्रम उघडून पाहिला की कळतं, तो गणित विभागाचा पेपर आहे आणि त्यात मापन सिद्धान्त (उच्च गणिताचा भाग) येतो हे गृहीत धरलेलं आहे. तुम्हाला हवं ते सगळं समाजशास्त्र विभागाच्या ‘माहितीचं विश्लेषण’ नावाच्या विषयात दडलेलं असतं. म्हणून दोन रकान्यांचा एक साधा तक्ता करा. डावीकडे इथला विषय, क्रेडिट आणि घटक, उजवीकडे तिथला विषय, क्रेडिट, घटक, आणि त्याखाली अभ्यासक्रमाच्या पानाची पीडीएफ. दुवा देऊ नका, पीडीएफच द्या. दुवे पुढच्या वर्षी बदलतात आणि परत आल्यावर दाखवायला काही उरत नाही. साठ-सत्तर टक्के घटक जुळले तर बहुतेक विभागप्रमुख हरकत घेत नाहीत. मात्र विचारताना ‘हे चालेल का?’ असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं. ‘या विषयाच्या जागी हा विषय, इतके क्रेडिट, मंजूर’ असं वाक्य तयार करून त्यावरच सही मागा.

सही कोणाची, हा पुढचा मुद्दा. तुम्हाला आवडणारे, नेहमी मदत करणारे सर ‘हो, होऊन जाईल’ म्हणतात. ते मनापासून म्हणतात, पण परीक्षा विभागात त्यांच्या शब्दाला किंमत नसते. गुण चढवण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते कार्यालयात विचारून घ्या आणि त्याच माणसाची सही घ्या. १९८७ साली सुरू झालेल्या युरोपच्या इरॅस्मस या विद्यार्थी एक्सचेंज योजनेत यासाठी लर्निंग ॲग्रीमेंट नावाचा करार असतो. त्यावर विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ आणि घेणारं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात, आणि तिथे गेल्यावर विषय बदलले तर त्यासाठी वेगळा भाग असतो. तुमचा कार्यक्रम इरॅस्मसचा नसला तरी हा साचा उचला. हा करार असेल तर परतल्यावर कोणी हात वर करू शकत नाही.

पाच विषय लागत असतील तर सात-आठ मंजूर करून घ्या. अनेकांना हा सल्ला अतिरेकी वाटतो. पण तिथे पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एक विषय भरलेला निघतो, दुसरा फक्त दुसऱ्या सेमिस्टरला शिकवतात, तिसऱ्या-चौथ्याची वेळ एकच. संकेतस्थळावरची यादी बऱ्याचदा गेल्या वर्षीची असते हेही लक्षात ठेवा. विषयाचं नाव इंग्रजीत लिहिलंय म्हणून तो इंग्रजीतच शिकवतात असंही नाही. प्रत्येक विषयाबद्दल चार गोष्टी तपासा: या सेमिस्टरला आहे का, शिकवण्याची भाषा कुठली, आधी काय शिकलेलं लागतं, आणि मूल्यमापन कसं होतं. चौथी गोष्ट बहुतेक जण तपासत नाहीत आणि पुढे तीच महागात पडते.

कारण मूल्यमापनावर तारखा अवलंबून असतात. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं. तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि लेखी परीक्षा त्यानंतर. दीर्घ निबंध तर मार्चअखेरपर्यंतही द्यायचे असतात. अमेरिकेतलं फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरच्या मध्याला आटोपतं. जपानमध्ये वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि दुसरं सत्र सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये. ऑस्ट्रेलियात पहिलं सेमिस्टर फेब्रुवारीअखेर किंवा मार्चपासून जूनपर्यंत आणि दुसरं जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत. तुमचं इथलं पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू होत असेल आणि तिथली परीक्षा फेब्रुवारीत असेल तर दोन्ही एकमेकांवर चढतात. यावर तोडगा असतो. निबंधावर मूल्यमापन होणारे विषय घेतले तर निबंध परत येऊन पाठवता येतो. काही प्राध्यापक एक्सचेंजच्या विद्यार्थ्यांना लवकर तोंडी परीक्षा देतात. पण हे सेमिस्टरच्या सुरुवातीला, ई-मेलवर विचारायचं असतं. डिसेंबरात जाऊन ‘माझं तिकीट काढलंय’ सांगितलं तर कोणीही ऐकत नाही, आणि ऐकू पण नये. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

आता गुण. प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी असते आणि नुसती टक्केवारी काढली की विद्यार्थ्यावर अन्याय होतो. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० हा उत्तीर्ण होण्याचा काठ, म्हणजे आकडा जितका लहान तितकं चांगलं. इटलीत ३० पैकी १८ ला उत्तीर्ण. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला उत्तीर्ण, पण १४ म्हणजे चांगले मानतात आणि १६ मिळाले की घरी फोन करून सांगावं असे. ब्रिटनमध्ये ४० ला पदवीचा विद्यार्थी उत्तीर्ण होतो आणि ७० ला प्रथम श्रेणी, त्यामुळे तिथला ६८ वाला विद्यार्थी वर्गात वरच्या फळीत असतो. इथला बाबू त्याला सरळ ‘६८ टक्के’ लिहून मोकळा होतो आणि तुमची सरासरी खाली येते. म्हणून जाण्याआधी विचारा: रूपांतराचा तक्ता आहे का? असेल तर प्रत द्या. नसेल तर कोण ठरवणार? युरोपातली अनेक विद्यापीठं गुणपत्रिकेसोबत त्या विषयात किती टक्के विद्यार्थ्यांना कोणती श्रेणी मिळाली याचा तक्ता देतात, तो मागून घ्या. आणि तुमच्या विद्यापीठाने एक्सचेंजचे विषय फक्त ‘उत्तीर्ण’ म्हणून नोंदवायचा पर्याय दिला, तर माझं मत स्पष्ट आहे: अवघड आणि अनोळखी विषयांसाठी तो घ्या. नवी भाषा, नवी पद्धत आणि त्यात सरासरीचं ओझं, एवढं सगळं एका सेमिस्टरमध्ये अंगावर घ्यायची गरज नाही.

व्हिसाचे नियम तुमच्या पासपोर्टवर आणि देशावर ठरतात, त्यामुळे शेवटचा शब्द त्या देशाच्या दूतावासाच्या पानाचा. पण काही गोष्टी विद्यार्थ्यांच्या लक्षातच येत नाहीत. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक क्षेत्राचा, अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपुरता असतो, सेमिस्टर त्यात मावत नाही. तुम्हाला त्या त्या देशाचा दीर्घ मुदतीचा, ‘डी’ प्रकारचा व्हिसा लागतो, आणि त्याच्या भेटीची वेळ मिळायलाच कित्येकदा आठवडेच्या आठवडे जातात. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचं शिक्षण व्हिजिटर म्हणून घेता येतं. हे सोपं वाटतं, पण त्यावर काम करता येत नाही, बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा नाही. तुमच्या सेमिस्टरमध्ये एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष कामाचा भाग असेल तर हा मार्ग बंद. अमेरिकेत एक्सचेंजचा विद्यार्थी सहसा जे-१ व्हिसावर जातो. आधी तिथलं विद्यापीठ डीएस-२०१९ हा कागद पाठवतं, मग शुल्क, मग मुलाखत. त्या कागदावरच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी देशात पाऊल ठेवता येत नाही, त्यामुळे ‘महिनाभर आधी जाऊन फिरून घेऊ’ हा बेत आधी तारखा पाहूनच करा.

पासपोर्टची मुदत आजच पाहा. अनेक देशांना प्रवासानंतरही सहा महिने मुदत शिल्लक लागते. नूतनीकरण करायचं असेल तर व्हिसाच्या आधी, कारण व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट बदलणं म्हणजे दोन कार्यालयांत हेलपाटे. जन्मदाखला किंवा गुणपत्रिका प्रमाणित करून मागितली तर देश १९६१ च्या हेग करारात आहे का ते पाहा. असेल तर अपॉस्टिल (कागदावरचा सही-शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) पुरतो, नसेल तर दूतावासाकडून साक्षांकन, आणि त्याला जास्त वेळ लागतो.

आणि हो, व्हिसा मिळाला म्हणजे कागद संपले असं नाही. जर्मनीत खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची असते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. इटलीत आल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज. जपानमध्ये पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत स्थानिक कार्यालयात नोंद. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यायचा. पत्त्याच्या नोंदीशिवाय बँक खातं अडतं आणि खात्याशिवाय पुढचं अडतं. म्हणून पहिले दोन आठवडे फिरण्यासाठी ठेवू नका.

खोलीबद्दल जरा सविस्तर सांगतो. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज मात्र वरच्या क्रमाला अपवाद: तो निवडीचं पत्र आल्या दिवशीच भरा, विषयांची मंजुरी यायची वाट पाहू नका. खोल्या कमी असतात, आणि सेमिस्टरपुरतं राहणाऱ्याला खासगी घरमालक नाखूष असतात, त्यांना वर्षाचा करार हवा असतो. वसतिगृहाचा करार बऱ्याचदा कागदोपत्री सेमिस्टरइतका असतो, तासिकांइतका नाही. म्हणजे तासिका फेब्रुवारीत संपल्या तरी भाडं मार्चअखेरपर्यंत द्यावं लागतं. हा खर्च आधीच धरा. खासगी खोली शोधत असाल तर एक प्रकार हमखास भेटेल: फोटो देखणे, भाडं कमी, मालक ‘सध्या दुसऱ्या देशात’ आणि अनामत भरली की किल्ली कुरिअरने पाठवणार. तिथे पैसे भरायचे नाहीत. ओळखीच्या कोणी प्रत्यक्ष खोली पाहिल्याशिवाय किंवा विद्यापीठाच्या गृहनिवास कार्यालयाने नाव सांगितल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका. काहीच जमलं नाही तर पहिले दहा दिवस युथ हॉस्टेलसारख्या स्वस्त जागी काढा आणि खोली तिथे जाऊन शोधा.

पोहोचायचा वार पाहून तिकीट काढा. वसतिगृहाच्या किल्ल्या देणारा माणूस बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार, ठरावीक तासांतच भेटतो. आमची एक विद्यार्थिनी शुक्रवारी रात्री उतरली आणि सोमवार सकाळपर्यंत स्वतःच्या खोलीसमोरच्या हॉटेलात पैसे मोजत बसली. मंगळवार किंवा बुधवारी सकाळी उतरा. खोलीत शिरल्यावर बॅग उघडायच्या आधी मोबाइलवर व्हिडिओ घ्या. भिंती, गादीची खालची बाजू, खिडकीची कडी, शॉवर, फ्रिजचा आतला भाग, आणि शेवटी त्या दिवसाची तारीख दिसेल असं काहीतरी. तो व्हिडिओ त्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या कार्यालयाला ई-मेलने पाठवा. पाच महिन्यांनी अनामत कापायची वेळ आली की हाच पुरावा कामी येतो. गादी मिळते, पांघरूण-उशी मिळेलच असं नाही, हे मात्र आधी विचारा, नाहीतर पहिली रात्र जाकिटाखाली जाते.

पैशांचा हिशेब करताना ‘एक्सचेंजमध्ये फी नाही’ या वाक्याला फसू नका. फी इथे भरता म्हणून तिथे भरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. भाडं, अनामत, विमा, प्रवास आणि बऱ्याच ठिकाणी सेमिस्टरचं प्रशासकीय शुल्क तुमचंच. जर्मनीसारख्या देशात व्हिसासाठी अडवलेल्या खात्यात रक्कम ठेवावी लागते आणि ती दर महिन्याला ठरावीक हप्त्याने सुटते. पहिला हप्ता तिथलं खातं सुरू झाल्याशिवाय मिळत नाही, आणि अनामत मात्र पहिल्याच दिवशी द्यायची असते. म्हणजे पहिल्या महिन्याचा खर्च आणि अनामत एवढे पैसे त्या खात्याबाहेर, हाताशी ठेवा. दोन वेगळ्या पेमेंट नेटवर्कची दोन बँक कार्डं ठेवा आणि ती एकाच पाकिटात नकोत. दुकानातलं मशीन ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे द्यायचे का?’ विचारेल, तेव्हा ‘नाही, इथल्या चलनात’ म्हणा, नाहीतर दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो. आणि बँकेचे ओटीपी ज्या सिमवर येतात ते सिम चालू राहील अशी व्यवस्था निघण्याआधी तपासा. पहिल्या आठवड्यात सर्वात जास्त रडारड याच कारणाने होते: पैसे आहेत, पण कोड येत नाही.

विमा सर्वात स्वस्त शोधायचा नसतो, अटींत बसणारा शोधायचा असतो. अमेरिकेच्या जे-१ साठी नियमातच लिहिलंय: प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्यासाठी ५०,०००, पार्थिव परत आणण्यासाठी २५,०००, आणि तुमच्या खिशातून जाणारा वाटा प्रत्येक वेळी ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. शेंगेनच्या अल्पमुदतीच्या व्हिसाला ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, पण सेमिस्टरसाठी तेवढ्यावर भागत नाही. जर्मनीत प्रवेश नोंदवताना आरोग्य विम्याची स्थिती वेगळी कळवावी लागते. पॉलिसी घेण्याआधी तिची अटींची पानं यजमान विद्यापीठाला पाठवून ‘ही चालेल का?’ विचारा. तुमच्याकडून हाच एक ई-मेल गेला तरी मी समाधानी.

नेहमीची औषधं असतील तर त्यांची नावं ब्रँडने नाही, मूळ घटकाने लिहून घ्या आणि डॉक्टरांचं इंग्रजीत सहीचं पत्र घ्या. एका देशात साधं मानलेलं औषध दुसऱ्या देशात बेकायदा असू शकतं. जपानमध्ये ॲम्फेटामाइन असलेली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसहही नेता येत नाहीत. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधंही चालत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं महिनाभरापेक्षा जास्त नेण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. आखाती देशांत कोडीन, ट्रॅमाडॉलवर कडक बंधनं आहेत. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीची नोंद मागतात आणि ती नसेल तर विषयनोंदणीच थांबवतात. दात मात्र इथेच दाखवून घ्या, विद्यार्थी विम्यात दात सहसा नसतात. मानसोपचार चालू असतील तर तुमचे समुपदेशक तिथे असताना ऑनलाइन भेटू शकतात का ते विचारा. कित्येकांचा परवाना दुसऱ्या देशातल्या रुग्णासाठी लागू नसतो. तिथल्या विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र असतं, पण सेमिस्टर सुरू झालं की तिथे रांग लागते.

अभ्यासाची तयारी बहुतेकांना भाषेची वाटते. भाषेचं प्रमाणपत्र हे प्रवेशाचं तिकीट आहे, तासाला बसल्यावर उपयोगी पडेलच असं नाही. त्याऐवजी तिथल्या प्राध्यापकांची मुक्त उपलब्ध व्याख्यानं ऐका, विशेषतः तुमच्याच विषयातली, आणि टिपणं काढायचा सराव करा. वाचन यादीतली दोन पुस्तकं जाण्याआधी पूर्ण वाचून जा. चर्चासत्रांच्या वर्गात बोलणाऱ्याला गुण असतात, हे अनेकांना आठव्या आठवड्यात कळतं. दुसऱ्याचा मजकूर वापरण्याबद्दल आणि एआय साधनांबद्दल प्रत्येक विभागाचे नियम वेगळे असतात. पहिल्या तासालाच विचारून घ्या, कारण इथला शिरस्ता तिथे चोरी ठरू शकतो आणि तुमच्याकडे सुनावणीसाठी थांबायला वेळ नाही. छोट्या गोष्टीही असतात. जर्मनीत वेळापत्रकात दहा वाजण्यापुढे ‘सी. टी.’ अशी अक्षरं असतील तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर ठोक्याला दहा. आमचे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात रिकाम्या वर्गात बसून आपण चुकीच्या इमारतीत तर नाही ना म्हणून घाबरतात.

तिथे पोहोचल्यावर विषय बदलायची मुदत फार थोडी असते, अमेरिकेत बहुधा आठवडा-दोन आठवडे. पहिल्या आठवड्यात गरजेपेक्षा एक-दोन विषय जास्त ऐका, नको ते सोडा. विषय बदलला त्याच दिवशी इथल्या सहीच्या माणसाला नवा तक्ता पाठवा आणि ‘मंजूर’ हा शब्द ई-मेलवर येईपर्यंत पाठपुरावा करा. जर्मनीत आणि इतरही काही ठिकाणी विषयाची नोंद केली म्हणजे परीक्षेची झाली असं नसतं. परीक्षेची नोंद वेगळी, वेगळ्या तारखेला आणि वेगळ्या पोर्टलवर. ती चुकली तर अख्खं सेमिस्टर वर्गात बसूनही हाती काही नाही. फोनमध्ये ही तारीख टाका, तीन दिवस आधीच्या गजरासह.

मनाचं थोडक्यात. पहिले काही दिवस भारावलेले असतात, आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास बऱ्याच जणांना उदास वाटतं. घरी रोज तासभर व्हिडिओ कॉल करून ते कमी होत नाही, वाढतं. क्रीडा मंडळं, गायनवृंद, गिर्यारोहणाचे गट सेमिस्टरच्या सुरुवातीलाच माणसं घेतात, तेव्हा कंटाळा आला तरी एकात नाव घाला. आपल्याच भाषेच्या मंडळींचा आधार जरूर घ्या, पण जेवण, प्रवास, अभ्यास सगळं त्यांच्याचबरोबर होऊ लागलं तर पत्ता बदलला म्हणायचा, एवढंच. दर शनिवार-रविवार नवं शहर पाहायचा बेत करणाऱ्यांचे गुण मी पाहिले आहेत, म्हणून सांगतो: प्रवास सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत आणि परीक्षेनंतर.

सामानावर जास्त शब्द खर्च करत नाही. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, बहुतेक जगात २३० च्या आसपास. चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असेल तर नुसता अडॅप्टर पुरतो, केस वाळवायचं यंत्र मात्र नेऊ नका. पॉवर बँक केबिनमध्येच, १०० वॅट-तासांपर्यंत. जाड कोट तिथे घ्या. मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत, त्यांच्या प्रती मेलवर आणि घरच्या एका माणसाकडे.

शेवटच्या दोन आठवड्यांसाठीही वेळ राखून ठेवा, कारण तिथून निघणं हेही एक काम आहे. हजेरीच्या तारखांचं, सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, शिष्यवृत्तीच्या शेवटच्या हप्त्याला ते लागतं. ग्रंथालयाचा दंड किंवा वसतिगृहाची किरकोळ थकबाकी राहिली तर काही विद्यापीठं गुणपत्रिका अडवून ठेवतात, तेव्हा सगळीकडे शून्य बाकी करून घ्या. गुणपत्रिका कोणत्या पत्त्यावर, कोणाच्या नावे आणि साधारण कधी येणार ते लेखी घ्या, आणि तिच्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच असेल हे पाहा. पत्त्याची नोंद केली असेल तर ती रद्द करायला विसरू नका. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तुमचे निबंध आणि शेरे उतरवून घ्या, विद्यार्थी पोर्टलचं लॉगिन सेमिस्टर संपल्यावर फार काळ चालत नाही. आणि तिथलं बँक खातं घाईने बंद करू नका. खोलीची अनामत तपासणीनंतर, कित्येकदा दोन-तीन महिन्यांनी, त्याच खात्यात येते.